गॉर्गट्सचा ‘ऑब्स्क्युरा’: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ज्यांना ज्यांना मी हा अल्बम ऐकवला, त्यांनी पहिल्या दोन मिनिटांत ठरावीक दोन-तीन प्रश्न विचारले. ज्यांनी तो पुरा ऐकला, त्यांचे प्रश्न पुढे महिनाभर येत राहिले आणि ते अगदी वेगळे होते. दोन्ही प्रकारचे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. डेथ मेटल, म्हणजे फाटक्या आवाजाच्या गिटारी, झपाट्याचे ड्रम्स आणि गुरगुरणारा गळा असलेलं रॉक संगीत, आयुष्यात कधी ऐकलं नसेल तरी समजावं, अशा बेताने लिहिलं आहे.

हा अल्बम कुणाचा आणि कधीचा?

कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात शेरब्रुक नावाचं शहर आहे. तिथे १९८९ मध्ये गॉर्गट्स हा डेथ मेटल बँड सुरू झाला. ‘ऑब्स्क्युरा’ हा त्यांचा तिसरा अल्बम. २३ जून १९९८ रोजी ऑलिम्पिक रेकॉर्डिंग्ज या छोट्या अमेरिकन कंपनीने तो बाजारात आणला. बारा गाणी, मिळून साधारण तासभर.

वाजवणारे चौघे. ल्यूक लमे आणि स्टीव्ह हर्डल हे दोघे गिटार वाजवतात आणि गातातही. बासवर स्टीव्ह क्लूतिए, ड्रम्सवर पॅट्रिक रोबेर. निर्मितीची बाजू सांभाळली पिएर रेमियारने, जो स्वतः माँट्रियालच्या ऑब्लिव्हियन या बँडचा गिटारवादक होता. या यादीत आणखी एक नाव धरायला हवं: स्टीव्ह मॅकडोनाल्ड. ही गाणी घडत होती तेव्हा ड्रम्सवर तो होता. अल्बमवर त्याचं वादन नसलं, तरी या गाण्यांच्या चालीत त्याचा हात आहे.

याआधी गॉर्गट्स कसे वाजवायचे?

उत्तम, पण ओळखीचं. पहिला अल्बम १९९१ मध्ये रोडरनर या मोठ्या मेटल कंपनीकडून आला. तो फ्लोरिडातल्या टँपा शहरी, मॉरिसाउंड स्टुडिओत, निर्माता स्कॉट बर्न्सच्या हाताखाली ध्वनिमुद्रित झाला. त्या काळी डेथ मेटलवाल्यांसाठी मॉरिसाउंड म्हणजे पंढरीच होती. १९९३ चा दुसरा अल्बम जास्त गुंतागुंतीचा आहे. चाली वळणावळणाच्या आहेत, पण पाया तोच.

म्हणजे ‘ऑब्स्क्युरा’ करणाऱ्यांना रीतीप्रमाणे वाजवता येत नव्हतं, असं कुणी म्हणत असेल तर त्याने आधीचे दोन अल्बम ऐकावेत. रीत हाताखालून गेली होती. त्यानंतर त्यांनी ती बाजूला ठेवली.

दुसऱ्या आणि तिसऱ्या अल्बममध्ये पाच वर्षं का गेली?

दुसऱ्या अल्बमनंतर कंपनीने त्यांना करारातून मोकळं केलं. डेथ मेटलची पहिली लाट तेव्हा ओसरत होती आणि अनेक बँडांच्या वाट्याला हेच आलं. गॉर्गट्सची घडीही विस्कटली. जुन्यांपैकी फक्त लमे उरला. त्याने हर्डल, क्लूतिए आणि मॅकडोनाल्ड यांना सोबत घेतलं. (तीन स्टीव्ह एका बँडमध्ये. तालमीत हाक कशी मारत असतील, हा प्रश्न मला अनेक वर्षं पडलेला आहे.)

‘ऑब्स्क्युरा’चं बरंचसं संगीत नव्वदच्या दशकाच्या मध्यालाच तयार झालं होतं. ते काढायला कुणी तयार नव्हतं, एवढंच. मला या अल्बमबद्दल सगळ्यात जास्त जे भिडतं ते हेच: या चौघांसमोर ना मुदत होती, ना कंपनी, ना वाट बघणारा श्रोता. रोज भेटायचं, वाजवायचं, खोडायचं, पुन्हा वाजवायचं. तासभराचं संगीत त्यांनी असं मिळून रचलं आणि तोंडपाठ केलं. ऐकताना चार माणसं एका श्वासात वळतात, थांबतात, उसळतात, ते या वर्षांमुळे. उसने वादक आणून आणि पंधरा दिवस स्टुडिओ भाड्याने घेऊन असं काही हाती लागत नाही.

हे बेसूर आहे ना? खरं सांगा.

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

घरात पेटी असेल तर एक करून बघा. सा आणि कोमल रे एकदम दाबून धरा आणि भाता चालू ठेवा. दोन सूर वेगवेगळे ऐकू येण्याऐवजी एक थरथर ऐकू येईल, जरा खरखरीत. त्याचं कारण साधं आहे. एक सूर सेकंदाला २२० कंपनांचा आणि दुसरा साधारण २३३ कंपनांचा असेल, तर दोघांच्या मिसळण्यातून सेकंदाला तेरा वेळा आवाज वरखाली होतो. तंबोरा जुळवताना जोडाच्या तारा किंचित चुकल्या की जी लाट ऐकू येते, तीच ही लाट. फक्त तिथे ती सावकाश असते, इथे झपाट्याने येते. तंबोरा लावणारा ती लाट जाईपर्यंत खुंटी पिळतो. लमे आणि हर्डल ती लाट हवी तिथे, हवी तेवढा वेळ उभी करतात. खुंट्या पक्क्या जुळलेल्या आहेत. सूर असे शेजारीशेजारी ठेवले आहेत ते ठरवून.

आता यात गिटारच्या डिस्टॉर्शनची, म्हणजे आवाज मुद्दाम फाडून खरखरीत करण्याची, भर घाला. डिस्टॉर्शनमधून दोन सूर एकत्र गेले की त्यांच्या कंपनसंख्येतला फरकही वेगळा सूर म्हणून वाजू लागतो. सा आणि प एकत्र दिले तर हा फरकाचा सूर बरोब्बर खालचा सा निघतो. मेटलमधला पॉवर कॉर्ड, म्हणजे हीच सा-पची जोडी, एवढा भरदार का वाटतो, त्याचं गुपित यात आहे. वाद्यच आपल्या मदतीला येतं. सा आणि कोमल रे दिले तर मात्र फरकाचा सूर कुठेतरी तळाशी गढूळ गुरगुर करतो. म्हणून मेटलवाले वर्षानुवर्षं सा-प धरून राहिले.

‘ऑब्स्क्युरा’त अनेकदा भांडणारे सूर दोन गिटारींत वाटून दिलेले असतात. एक सूर लमेच्या अँप्लिफायरमधून येतो, दुसरा हर्डलच्या. प्रत्येक सूर आपापल्या जागी स्वच्छ राहतो आणि टक्कर होते ती हवेत, तुमच्या कानापाशी. हेडफोन लावून ऐकलंत तर डावी-उजवी बाजू वेगळी काढून हे पडताळता येईल. मला हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा रात्रीचा एक वाजला होता आणि मी डावा कान काढून, मग उजवा काढून, एकच वीस सेकंदांचा तुकडा पंधरा-वीस वेळा ऐकला. प्रत्येक बाजू एकटी ऐकली तर जवळजवळ साधी होती. दोन्ही जोडल्या की अंगावर काटा.

तेव्हा ‘बेसूर’ हा शब्द मी वापरणार नाही. बेसूर म्हणजे नेम चुकलेला. इथे नेम चुकत नाही.

त्यांनी स्वतःवर काही नियम घातले होते म्हणतात. कोणते?

दोन. लमेने मुलाखतींतून ते सांगितले आहेत. ट्रेमोलो पिकिंग करायचं नाही, आणि ‘टुपा-टुपा’ ठेका वाजवायचा नाही.

ट्रेमोलो पिकिंग म्हणजे एकाच तारेवर प्लेक्ट्रमने (तार छेडायच्या छोट्या चकतीने) वरखाली अतिशय जलद छेडत राहणं, मधमाश्यांच्या घोंघावण्यासारखं. ‘टुपा-टुपा’ म्हणजे बास ड्रम आणि स्नेअर (करकरीत आवाजाचा छोटा ड्रम) एकाआड एक, धावत्या घोड्यासारखा तो ठेका, जो थ्रॅश मेटल या आधीच्या वेगवान प्रकारातून डेथ मेटलमध्ये आला. डेथ मेटलची निम्मीअधिक इमारत या दोन खांबांवर उभी असते. चाल सुचली नाही तर ट्रेमोलो वाजवा, गाणं ढिलं पडलं तर टुपा-टुपा सुरू करा, हमखास चालतं. त्यांनी हमखास चालणाऱ्या गोष्टीच काढून घेतल्या. ब्लास्ट बीट, म्हणजे सगळ्यात वेगाचा मारा, तेवढा ठेवला.

माझ्या मते या अल्बमचं निम्मं वेगळेपण या एका निर्णयात आहे. नवं काय करायचं हे ठरवणं अवघड असतं. काय करायचं नाही हे ठरवलं की हात आपोआप दुसरीकडे वळतात. स्वयंपाकघरात कांदा-लसूण बंद केलं की हिंग आणि खोबऱ्याकडे लक्ष जातं, तसं.

स्टीव्ह हर्डल कोण? जाणकार लमेइतकंच त्याचं नाव का घेतात?

कारण या अल्बमवरचे सगळ्यात अनोळखी आवाज त्याच्या गिटारमधून येतात. तो गिटारकडे सुरांचं यंत्र म्हणून बघतच नाही. लाकूड, तार, लोखंड अशी ती एक वस्तू आहे आणि तिच्यातून जेवढे आवाज निघू शकतात तेवढे सगळे वापरायचे, असा त्याचा खाक्या. प्लेक्ट्रमची कड तारेवर खरवडत नेणं, तारा अर्धवट दाबून त्यातून शिट्टीसारखे स्वर काढणं, दोन्ही हातांच्या बोटांनी फ्रेटवर (गिटारच्या दांडीवरच्या पट्ट्यांवर) टकटक करणं, तार इतकी ताणायची की सूर वितळल्यासारखा व्हावा.

हे प्रकार इतर गिटारवादकही करतात, पण नक्षी म्हणून, सोलोच्या शेवटी टाळ्या मिळवायला. हर्डलने त्यांचाच पाया केला. चालच मुळी खरवडण्याने बनलेली आणि तो खरवडा दर वेळी त्याच जागी, त्याच लांबीचा, त्याच चढाचा येतो. शीर्षकगीताचे पहिले काही क्षण लावून बघा. गिटार किंचाळते, अडखळते, पुन्हा किंचाळते. पहिल्यांदा वाटतं कुणीतरी हात साफ करून घेतंय. तेच पुन्हा येतं, जसंच्या तसं, आणि मग लक्षात येतं की ही बंदिश आहे.

हर्डल या अल्बमनंतर बँडमधून बाहेर पडला. पुढे तो आणि लमे नेगाटिव्हा या माँट्रियालच्या बँडमध्ये पुन्हा एकत्र आले. मे २०१२ मध्ये, शस्त्रक्रियेनंतरच्या गुंतागुंतीमुळे तो गेला. वय अवघं ४१. त्याच्या हातचं ध्वनिमुद्रण फार थोडं आहे, म्हणून हा तास मला जपून ठेवावासा वाटतो.

ताल सापडत नाही. सम कुठे आहे?

माझा एक मित्र तबला वाजवतो, लहानपणापासून रियाज केलेला. त्याला ‘नोस्टॅल्जिया’ हे गाणं ऐकवलं. पहिल्या खेपेला त्याने मांडीवर हाताने मोजायला सुरुवात केली आणि मिनिटभरात सोडून दिलं. दुसऱ्या खेपेला डोळे मिटून नुसता ऐकत राहिला. तिसऱ्या खेपेला, जिथे वाक्य परत येतं तिथे त्याची मान हलली. म्हणाला, “हा मात्रा मोजत नाहीये, हा वाक्य संपलं की थांबतोय.”

याहून नेमकं मला सांगता येणार नाही. इथे आवर्तन ठरवून त्यात चाल बसवलेली नाही. चाल जेवढी लांब, तेवढं आवर्तन. बोलताना आपली वाक्यं कधी चार शब्दांची, कधी अकरा शब्दांची असतात, तरी ऐकणारा चुकत नाही, कारण वाक्य कुठे संपतं ते त्याला अर्थावरून कळतं. म्हणून मोजू नका. वाक्य कुठे संपतं तेवढं ऐका. पॅट्रिक रोबेरचे ड्रम्स तिथे हमखास खूण ठेवतात, बहुतेकदा झांजेवर.

गाणं म्हणायचं की ओरडणं?

ओरडणं, आणि ते तसंच हवं. आधीच्या दोन अल्बमवर लमेचा आवाज खोल, पोटातून आलेला, डेथ मेटलच्या रिवाजातला होता. ‘ऑब्स्क्युरा’त तो घशात वर चढतो, फाटतो. कुणी जिवाच्या आकांताने हाक मारत असावं तसा. हर्डलचा आवाज त्याला जोडून येतो. भीती घालणारा राक्षसी आवाज इथे नाही. भ्यालेल्या, दुखावलेल्या माणसाचा आहे. अनेकांना हा बदल खटकतो. मला तो अल्बमचा सगळ्यात प्रामाणिक भाग वाटतो.

शब्द कशाबद्दल आहेत? सैतान वगैरे?

सैतान नाही. रक्तमांसही नाही, जे पहिल्या अल्बमवर भरपूर होतं. इथली शीर्षकं बघा: ‘अर्थली लव्ह’, ‘नोस्टॅल्जिया’, ‘क्लाउडेड’, ‘सटल बॉडी’, ‘स्वीट सायलेन्स’. ऐहिक प्रेम, गतकाळाची ओढ, झाकोळ, सूक्ष्म देह, गोड शांतता. एका गाण्याचं नाव फ्रेंचमध्ये आहे, त्याच्या पहिल्या भागाचा अर्थ ‘आयुष्य ही नांदी आहे’ असा होतो. नांदी हा शब्द आपल्याकडे नाटकामुळे किती घरचा आहे! ‘सटल बॉडी’ हे तर आपल्या सूक्ष्म देहाचंच इंग्रजी रूप. स्थूल देह, सूक्ष्म देह ही वाटणी ज्याच्या कानावर हरिपाठा-प्रवचनांतून पडली आहे, त्याला क्वेबेकच्या डेथ मेटल बँडच्या गाण्याला हे नाव बघून क्षणभर थबकायला होतं. मला झालं.

शब्द कानाने कळणार नाहीत, छापील वाचावे लागतात.

सुरुवात कुठल्या गाण्यापासून करू?

‘क्लाउडेड’पासून. बहुतेक लोक शीर्षकगीतापासून सुरू करतात, कारण ते पहिलं आहे, आणि तिथेच सोडून देतात.

‘क्लाउडेड’ हे अल्बमवरचं सगळ्यात लांब गाणं, साडेनऊ मिनिटांचं, आणि सगळ्यात संथही. घाई नसल्यामुळे कानाला सवड मिळते. एक कॉर्ड (एकत्र वाजवलेले सूर) येतो, तो नीट विरेपर्यंत थांबतो, मग दुसरा. आधी सांगितलेली ती थरथर इथे भिंगातून बघितल्यासारखी मोठी होऊन दिसते. सूर एकमेकांना घासतात आणि त्या घासण्याचाच एक संथ श्वासोच्छ्वास सुरू होतो. पावसाळ्यात घाटात गाडी थांबवली आहे, काच खाली केली आहे, समोर ढग इतका दाट की कठडा दिसत नाही, आणि दरीतून पाण्याचा आवाज तेवढा येतोय. मला दर वेळी तेच दिसतं. वळण कुठे आहे ते माहीत नाही, पण पुढे जायचं आहे.

हे गाणं दोन-चार वेळा ऐकून झालं की ‘नोस्टॅल्जिया’ घ्या. त्यात हिसके आहेत, पण पकड घेणारी चालही आहे. मग ‘अर्थली लव्ह’, ज्यात लमेने व्हायोला वाजवला आहे. डेथ मेटलच्या मधोमध गजाने वाजणारं वाद्य येतं आणि क्षणभर सगळ्या गोंधळाला माणसाचा चेहरा मिळतो. मग पहिल्यापासून सलग.

एक व्यावहारिक गोष्ट. लोकलच्या गर्दीत इअरफोनवर पहिली ओळख करून घेऊ नका. बाहेरचा खडखडाट आणि आतला खडखडाट एकमेकांत मिसळतात आणि नुसती डोकेदुखी पदरी पडते. मी हेच केलं होतं, कॉलेजच्या दिवसांत, मित्राने कॉपी करून दिलेल्या सीडीवरून, आणि तीन वर्षं पुन्हा हात लावला नाही. घरी, संध्याकाळी, मध्यम आवाजात ऐका. फार मोठ्याने ऐकलं तर बारकावे उलट बुजतात.

व्हायोला? डेथ मेटलवाल्याला व्हायोला कुठून येतो?

लमेने संगीताचं रीतसर शिक्षण घेतलं, माँट्रियालच्या कॉन्झर्व्हेटरीत, व्हायोला आणि रचना हे विषय घेऊन. शोस्ताकोविच आणि पेन्डेरेत्स्की हे त्याचे आवडते रचनाकार; तसं तो मोकळेपणाने सांगत आला आहे. पेन्डेरेत्स्कीची १९६० च्या सुमाराची एक रचना ५२ तंतुवाद्यांसाठी आहे, हिरोशिमाच्या मृतांना अर्पण केलेली. त्यात वादक गज घोडीच्या पलीकडे फिरवतात, वाद्याच्या लाकडावर टकटक करतात, शेजारशेजारचे सूर एकदम वाजवून आवाजाची भिंत उभी करतात. ती ऐकून हर्डलच्या गिटारकडे परत या. दोघांचं गोत्र एक वाटतं.

मग हे मेटल आहे की आधुनिक पाश्चात्य शास्त्रीय संगीत?

मेटल. ठाम. दोन गिटार, बास, ड्रम्स, घसा, आणि अंगाला घाम आणणारा जोर. उसनं घेतलेलं भारदस्त नाव लावून याला मोठं करायची गरज नाही. डेथ मेटलच्या आतच एवढी जागा होती, हे या अल्बमने दाखवून दिलं.

क्वेबेकमध्ये त्याला आधार होता, हेही सांगायला हवं. जाँक्येरच्या व्हॉइव्हॉड या बँडचा गिटारवादक पिगी ऐंशीच्या दशकातच चमत्कारिक, कडवट कॉर्ड वाजवत होता, आणि तेही थ्रॅशच्या वेगात. त्या प्रांतात वाढलेल्या मेटलवाल्यांच्या कानाला ती चव लहानपणीच लागली होती.

ध्वनिमुद्रण इतकं कोरडं, जुनाट का वाटतं?

आजचे मेटल अल्बम इस्त्री केल्यासारखे असतात: प्रत्येक ठोका सारख्या जोराचा, प्रत्येक फट भरलेली. रेमियारने इथे फटी उघड्या ठेवल्या. घुमारा जवळजवळ नाही. त्यामुळे बोटं तारेवरून सरकण्याचा आवाजही येतो आणि क्लूतिएचा बास स्वतंत्रपणे ऐकू येतो, जी डेथ मेटलमध्ये चैन मानली जाते. पहिल्या चार-पाच वेळा बासकडे लक्ष जाणार नाही. नंतर एकदा मुद्दाम फक्त बास धरून पूर्ण अल्बम ऐका. गिटारी हवेत भांडत असताना जमीन कोण धरून आहे, ते कळेल.

तेव्हा लोकांना आवडला का?

मतं टोकाची होती. जुने चाहते बुचकळ्यात पडले. थोड्यांनी मात्र तो उराशी धरला, आणि ते थोडे बहुतेक स्वतः वाजवणारे होते. त्याचा परिणाम पुढच्या प्रश्नात.

पुढे कुणाकुणावर याचा प्रभाव पडला?

जर्मनीतल्या एका बँडने २००३ मध्ये आपलं नावच ‘ऑब्स्क्युरा’ ठेवलं. न्यूझीलंडचा अल्सरेट, इटलीचा अ‍ॅड नॉसिअम, अमेरिकेचा पिऱ्हॉन या सगळ्यांच्या संगीतात गॉर्गट्सची वाट दिसते. आज ‘डिसोनंट डेथ मेटल’, म्हणजे भांडणाऱ्या सुरांचं डेथ मेटल, असा वेगळा उपप्रकारच मानला जातो. त्यातले काही बँड ‘ऑब्स्क्युरा’पेक्षा जास्त सफाईने वाजवतात. पण नवी वाट काढताना पायाला जे खरचटतं, ते रस्ता झाल्यावर येणाऱ्यांच्या पायाला दिसत नाही. अ‍ॅड नॉसिअम मला अपवाद वाटतो. त्यांचा २०२१ चा अल्बम जरूर ऐका.

बँडचं पुढे काय झालं?

२००१ मध्ये चौथा अल्बम आला. ड्रम्सवर मॅकडोनाल्ड परतला होता आणि हर्डलच्या जागी डॅनियल मोंग्रँ आला, जो पुढे व्हॉइव्हॉडमध्ये गेला. २००२ मध्ये मॅकडोनाल्ड वारला. लमेचं मन उडालं आणि २००५ च्या सुमाराला बँड थांबला. लमे लाकूडकामाकडे वळला.

पुढे काही वर्षांनी त्याने नवे साथीदार जमवले: गिटारवर केव्हिन हफनेगल, बासवर कॉलिन मार्स्टन, ड्रम्सवर जॉन लाँगस्ट्रेथ. २०१३ चा अल्बम तिबेटवर आहे, वाळूच्या रंगीत मंडलांपासून ते हिमालय ओलांडून पळालेल्या माणसांपर्यंत. मधोमध फक्त तंतुवाद्यांची एक रचना आहे, चीनने तिबेटवर केलेल्या आक्रमणातल्या, १९५० च्या चामडोच्या लढाईवर. धरमशाला ज्यांनी पाहिली आहे, तिथल्या म्हाताऱ्या तिबेटी माणसांशी बोलले आहेत, त्यांना हा अल्बम वेगळ्या जागी लागेल. २०१६ मध्ये ३३ मिनिटांचं एकच सलग गाणं आलं, मध्ययुगीन बगदादच्या ‘ज्ञानगृह’ या विद्याकेंद्रावर.

हे दोन्ही जास्त सुघड आहेत. नव्या श्रोत्याला ‘ऑब्स्क्युरा’ झेपतच नसेल, तर २०१३ च्या अल्बमपासून उलटं यायलाही हरकत नाही.

पाच वेळा ऐकला, तरी नाही आवडला. माझं काही चुकतंय का?

काहीच नाही. पाच वेळा म्हणजे पाच तास दिलेत, खूप झालं. फक्त ‘क्लाउडेड’ तेवढं ठेवा आणि वर्षभराने एकदा लावा.

मी गिटार वाजवतो. हे शिकायचं कुठून?

वेग कमी करून, दोन-दोन सेकंदांच्या तुकड्यांनी. आधी हातातला आवाज शोधा, सूर नंतर. तारेवर बोट किती टेकवलं की ती शिट्टी निघते, प्लेक्ट्रम कुठून कुठे खरवडलं की तो चढ येतो, हे कागदावर नीटसं उतरत नाही. कानाने ऐकून हाताने शोधावं लागतं. मी ‘नोस्टॅल्जिया’ची एक बाजू दोन महिने घोटली. जमली असं वाटलं, रेकॉर्ड करून ऐकली, तर काहीच नाही. सगळे सूर जागेवर आणि चाल मात्र मेलेली. मग एका रविवारी शेजारच्या इमारतीतला एक मुलगा त्याची गिटार आणि छोटा अँप घेऊन आला. दुसरी बाजू त्याने मोडकीतोडकी, अर्ध्या वेगाने वाजवली. तिसऱ्या खेपेला दोन्ही सूर एकमेकांवर घासले, खोलीतल्या हवेत ती थरथर उभी राहिली आणि टेबलावरचा स्टीलचा पेला झिणझिणला. तेव्हा आधी जोडीदार शोधा.